होळीच्या आत मुळं धरली पाहिजेत: नागपुरात भिंतीवरची बाग अन् फुलांचे वाफे

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, आपल्या नागपुरात वसंत ऋतू म्हणजे जास्तीत जास्त सहा आठवडे. वसंत पंचमी ते होळी, बस. त्याच्यानंतर जे काही आहे तो उन्हाळाच आहे, कॅलेंडरवर काही का छापलेलं असेना. व्हिडीओवाले सांगतात की मार्च-एप्रिलमध्ये निवांत लागवड करा, ते बहुतेक बंगलोरचे नाहीतर पुण्याचे असतात, त्यांचं त्यांच्याकडे बरोबरच आहे, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये नवीन रोप लावणं म्हणजे नव्या नवरीला दुसऱ्याच दिवशी शंभर पानांच्या पंगतीच्या पोळ्या लाटायला बसवण्यासारखं आहे. फेब्रुवारीत दुपारी ३१-३२ असतं, मार्चमध्ये ३६ च्या पुढे जातं, एप्रिलमध्ये ४० पार, अन् मेमध्ये तर सरासरीच ४२-४३. २०१३ च्या मेमध्ये ४७.९ झालं होतं ते आठवत असेल. रोपाला कुंडीत नीट मुळं पसरवायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे एप्रिलच्या उन्हापासून उलटं मोजत या, मग कळतं की आपल्याकडे वेळ किती कमी आहे.

तीन वर्षांपूर्वी मी इथंच फसलो. आमच्या रो-हाऊसची पश्चिमेची भिंत मोठी मोकळी पडलेली, बायको म्हणे इथं काहीतरी हिरवं पाहिजे. महाशिवरात्रीच्या सुमारास फ्रेम बसली अन् मी नर्सरीत गेलो तर समोर नुसता रंगच रंग, पेटुनिया, डायंथस, पॅन्सी, फ्लॉक्स. नर्सरीवाला म्हणे घेऊन जा साहेब, चार महिने बघायला नको. साठ पेटुनिया आणल्या. पंधरा दिवस अख्ख्या गल्लीनं भिंतीसमोर फोटो काढले. अन् गुढीपाडव्याला भिंत अशी दिसत होती जशी कोणी मेथी वाळत घातली आहे. पाणी कमी पडलं असंही नाही, ही सगळी हिवाळ्याची फुलं आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, फेब्रुवारीत ती भरात दिसतात तेव्हा त्यांचं आयुष्य संपत आलेलं असतं अन् नर्सरीला तो माल काढायचा असतो. तर फेब्रुवारीत नर्सरीत जे सगळ्यात सुंदर दिसून राहिलं ते घेऊ नका. मागच्या कोपऱ्यात जी चार पानांची सदाफुली असते, पोर्टुलाकाच्या काड्यांचे ट्रे असतात, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, ते घ्या.

भिंत कुठल्या तोंडाची आहे ते पहा

झाडं नंतर, पहिले भिंत. पूर्वेची भिंत असेल तर तुम्ही नशीबवान, सकाळचं ऊन मिळतं, अकरा-साडेअकरानंतर सावली, जवळजवळ काहीही येतं. पश्चिमेची भिंत म्हणजे परीक्षा, दुपारी एकपासून मावळेपर्यंत ऊन सरळ तोंडावर, अन् विटांची भिंत ते ऊन पिऊन घेते, मेमध्ये रात्री नऊ-दहाला हात लावून पहा, तव्यासारखी नाही म्हणत मी, पण गरम पोळीच्या डब्यासारखी नक्की लागते. म्हणजे झाडाला रात्रीही आराम नाही.

दक्षिण भिंतीची गंमत वेगळी आहे अन् ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. लोक म्हणतात दक्षिण म्हणजे जास्त ऊन. हिवाळ्यात हो. पण नागपूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली, २१ अंशांवर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, अन् तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन कडाक्याच्या दिवसांत दक्षिण भिंतीवर दुपारचं ऊन जवळपास पडतच नाही, छज्जा असेल तर अजिबात नाही. उलट उत्तरेची भिंत, जिथं आपण सावली समजून फर्न लावतो, तिला जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन लागतं. आमच्या समोरच्या वहिनींचे फर्न असेच गेले, त्या बिचाऱ्या पाण्याला दोष देत बसल्या.

फ्रेम अन् वजन

मी कप्पेवाल्या फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाच्या पिशव्या, पीव्हीसी पाइपाला भोकं पाडून केलेली बाग अन् हुकवाल्या प्लास्टिकच्या कुंड्या असं तिन्ही करून पाहिलंय. फेल्टची कल्पना पॅट्रिक ब्लांक नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं जगभर नेली, त्याच्या भिंती पाहून आपल्यालाही वाटतं करून बघावं, पण फेल्ट ओलं राहिलं तरच ते चालतं अन् आपली मेची हवा इतकी कोरडी की सकाळी भिजवलेलं फेल्ट दुपारी जेवण होईपर्यंत पापड होतं. दिवसातून सहा-सात वेळा पाणी द्यायची सोय असेल तरच त्या वाटेला जा. पीव्हीसी पाइप उन्हात तापतो अन् आतली मुळं उकडतात. त्यामुळे घरच्यासाठी साध्या हुकवाल्या कुंड्या, एखादं झाड मेलं तर तेवढीच कुंडी काढून दुसरी अडकवता येते.

माझी भिंत ६ बाय ६ फुटांची, आडव्या ८ रांगा, एका रांगेत १२, एकूण ९६ कुंड्या. एक ओली कुंडी झाडासकट काट्यावर ठेवली तर सव्वा किलो भरली. म्हणजे १२० किलो, वर फ्रेमचं वजन वेगळं. हे मी आधी धरलंच नव्हतं. वेल्डिंगवाल्या भाऊनं ड्रिल लावलं, भुसा बाहेर आला, त्यानं बोटावर घेऊन चोळला अन् म्हणे, "भाऊ, ही पोकळ विटेची आहे, इथं फास्टनर धरणार नाही." मग दोन उभे पाइप जमिनीत काँक्रीटमध्ये गाडले अन् भिंतीला फक्त आधारापुरतं अडकवलं. तुमच्याकडेही शंका असेल तर भार जमिनीवर द्या, भिंतीवर नाही. स्क्वेअर पाइपला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारून मगच रंग द्या. अन् भिंत अन् फ्रेम यांच्यात तीन-चार इंच जागा सोडाच सोडा, एक तर हवा खेळते, भिंतीची धग सरळ कुंडीला लागत नाही, अन् दुसरं म्हणजे पावसाळ्यात ओल येऊन आतल्या खोलीत पोपडे निघत नाहीत. भिंतीला वॉटरप्रूफिंग आधीच करून घ्या, कुंड्या लागल्यावर तिथं ब्रश जात नाही.

कुंडीत काय भरायचं

अंगणातली काळी माती कुंडीत भरू नका. एक तर जड, दुसरं म्हणजे सुकली की आकसते अन् कुंडीच्या कडेनं फट पडते, मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं अन् तुम्हाला वाटतं झाडाला मिळालं. मी घेतो ते असं: चार भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तीन भाग चाळलेलं गांडूळखत, दोन भाग धानाचं तूस, एक भाग गाळलेली माती, वर मूठभर निंबोळी पेंड. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमधून पोत्यानं येतं, अर्धवट जळालेलं मिळालं तर आणखी चांगलं, परलाइटचे, म्हणजे माती भुसभुशीत ठेवायला विकत मिळणाऱ्या पांढऱ्या दाण्यांचे पैसे वाचतात. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजली की साधारण ७० लिटर होते, ९६ कुंड्यांना एक पुरून उरते. पण ती धुवा. दोनदा तरी. त्यात खार असतो, पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं ते फेकून द्या, दुसरं जरा फिकं निघतं तेही फेका. मी पहिल्या वर्षी कंटाळा केला अन् स्पायडर प्लांटच्या सगळ्या पानांचे शेंडे तपकिरी करून बसलो.

आता रोप लावायची खरी मेख. नर्सरीतली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकनं येतात, काळ्या पिशवीत चिकट मातीचा गोळा असतो, तो वाळला की विटेसारखा घट्ट. हा गोळा तुम्ही तसाच हलक्या कोकोपीटमध्ये बसवला की आजूबाजूचं कोकोपीट ओलं राहतं अन् गोळा मात्र आतून कोरडाठक्क. माझी दुसऱ्या वर्षीची बरीच झाडं अशीच गेली, मी रोज बोट घालून पाहत होतो, बोटाला ओल लागत होती, झाड मात्र मान टाकून राहिलं होतं. शेवटी एक उपटून पाहिलं, मधला गोळा फोडला तर आतून धूळ उडाली. तेव्हापासून मी प्रत्येक रोप पिशवीसकट बादलीत बुडवतो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, पाच-सात मिनिटं, मग पिशवी कापून हातानं गोळ्याची बाहेरची अर्धी माती हलकेच झाडतो, खाली मुळं गोल गोल वळलेली असतील तर बोटांनी मोकळी करतो, अन् मगच लावतो. हे फेब्रुवारीत चालतं, झाड दोन-तीन दिवस रुसतं अन् उठतं. एप्रिलमध्ये असं मुळांना हात लावाल तर ते उठणार नाही. मी होळीच्या आत म्हणतो ते एवढ्यासाठीच.

लावायची वेळ संध्याकाळची, लावल्यावर चार-पाच दिवस कुंड्या सावलीत खाली जमिनीवर ठेवा, मग भिंतीवर चढवा. सरळ भिंतीवर लावत बसू नका, कंबरही दुखते अन् मातीही सांडते.

कुठली झाडं? पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीला पोर्टुलाका म्हणजे आपलं ऑफिस टाइम, रियो, पिवळी ड्युरांटा, शतावरी, पानओवा, सदाफुली. पोर्टुलाकाची रोपं विकतही घेऊ नका, शेजाऱ्याकडून चार बोटं लांबीच्या काड्या आणा, खोचा, आठवड्यात मुळं धरतात. पूर्वेला किंवा छज्जाखाली सिंगोनियम, मनी प्लांट, स्पायडर, अल्टरनेंथेरा, वांडरिंग ज्यू. खायचं लावायचं असेल तर पुदिना सगळ्यात खालच्या रांगेत, तो पाणीपिता आहे. कोथिंबिरीचा हट्ट मार्चनंतर सोडा, चार पानं आली की फुलावर जाते. एक सांगतो, १५ जातीची झाडं एका भिंतीवर लावू नका, सगळ्यांची तहान वेगळी असते, चार-पाच जाती बस्स झाल्या, दिसायलाही पट्टे छान दिसतात.

पाणी, सगळा खेळ याचाच

उभ्या बागेत वरची रांग नेहमी कोरडी अन् खालची नेहमी चिखल. पाणी वरून खाली जातं, वरच्या रांगेला वारा अन् ऊन जास्त, साधी गोष्ट आहे पण लावताना कोणी धरत नाही. म्हणून वर काटक झाडं, खाली तहानलेली. ज्या कुंड्यांच्या तळाची भोकं खालच्या कुंडीत गळतात त्यांना फक्त वरच्या रांगेत नळी फिरवली तरी चालते.

बाजारात थेंब थेंब पाणी सोडणारे ताशी २ लिटरचे ड्रिपर मिळतात, त्यांना नीट चालायला दाब लागतो, साधारण १ किलोच्या आसपास, अन् तेवढा दाब यायला टाकी १० मीटर उंच पाहिजे. तुमच्या आमच्या घराच्या गच्चीवरची टाकी तीन-चार मीटर वर असते, तिच्यावर ड्रिपर कुठं टपकतात कुठं नाही. मग नागपूरकराकडे काय असतं? कूलरचा पंप. मी ५० लिटरचा ड्रम ठेवला, त्यात कूलरचा पंप सोडला, १६ एमएमचा काळा पाइप वरच्या रांगेवरून नेला अन् दर कुंडीवर ड्रिपर न लावता नुसती ४ एमएमची बारीक नळी खोचली. पंप सहा फूट पाणी चढवतो, जोर फार नसतो, म्हणून पाइप अगदी लेव्हलमध्ये बांधा, नाहीतर एका टोकाला धार अन् दुसऱ्या टोकाला थेंब. पहिल्या दिवशी प्रत्येक नळीखाली एक-एक ग्लास लावून मोजा, बायको हसेल, हसू द्या.

हिशोब असा, एका कुंडीला एका वेळी १५० मिली धरलं तर ९६ ना साडेचौदा लिटर. मार्चपर्यंत दिवसातून एकदा, एप्रिलपासून दोनदा, म्हणजे दिवसाला ३० लिटरच्या आत. कोणी सांगत असेल की भिंतीवरच्या बागेला फार पाणी लागतं तर दोन बादल्यांचा हा हिशोब दाखवा. टायमर घेताना पाहून घ्या, पिना दाबायचा साधा टायमर कमीत कमी १५ मिनिटांचा असतो, आपल्याला दोन-चार मिनिटंच पाहिजेत, म्हणून डिजिटल घ्या, अन् आत बॅटरी असलेला, नाहीतर लाइट गेली की त्याची वेळ मागे पडते अन् झाडांना भर दुपारी आंघोळ होते. त्यावरून आठवलं, मेमध्ये काळ्या पाइपात साचलेलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात पोळतो. हेच पाणी पहिल्यांदा झाडावर पडतं. म्हणून पहिली पाळी सकाळी सहाला, दुसरी ऊन उतरल्यावर अंधार पडायच्या सुमारास, अन् संध्याकाळच्या वेळी पाइपाचं शेवटचं टोक उघडून पहिलं मगभर पाणी बादलीत काढून घ्या.

अन् कूलरचा पंप वापरा, कूलरचं पाणी नको. टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी फेकवत नाही म्हणून बरेच जण झाडांना घालतात. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, रोज भर टाकतो तसे ते वाढत जातात, जाळीवर अन् गवतावर पांढरा थर धरतो तो हाच. ते पाणी कुंडीत गेलं की महिनाभरात पानांचे काठ जळतात. अंगण धुवायला, गेटसमोर शिंपायला वापरा. कुंड्यांमध्येही पंधरा दिवसांतून एकदा साधं पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढायचे.

खालच्या रांगेच्या खाली पाइप उभा चिरून पन्हाळ लावा, गळणारं पाणी फुलांच्या वाफ्यात न्या. पण वाफा भिंतीला चिकटून करू नका बरं का, काळी माती पाणी पिऊन फुगते अन् सुकली की आकसते, आपल्याकडच्या घरांना ज्या तिरक्या भेगा पडतात त्यात तिचाही हात असतो. घराच्या जोत्यापासून दोन फूट तरी सोडा.

वाफे

काळ्या मातीला लोक उगाच नावं ठेवतात. पाणी धरून ठेवायला तिच्यासारखी माती नाही. फक्त ती ओली असताना खणायची नाही अन् पूर्ण वाळल्यावरही नाही, मूठभर घेऊन दाबा, गोळा झाला अन् बोटानं टोचल्यावर फुटला तर आज खणा. चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. एक फूट खोल खणून वरच्या भागात चार बोटं जाडीचा शेणखताचा थर मिसळा, शेणखत कुजलेलं पाहिजे, ताजं घालाल तर उधईला म्हणजे वाळवीला आमंत्रण. वाळू थोडीशी टाकून काही होत नाही, घालायचीच तर चांगली तिसरा हिस्सा घाला, नाहीतर राहू द्या. वाफा जमिनीपासून सहा इंच उचला, हे आत्ता उन्हाळ्यासाठी नाही, जुलैत पाणी तुंबेल तेव्हा मला आठवाल.

फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी टाका: झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, गेलार्डिया, कोंबडा, गोम्फ्रेना म्हणजे आपलं बटणफूल, सूर्यफूल. झिनिया जागच्या जागीच पेरा, बी पाव इंच खाली, चार ते सात दिवसांत वर येतं, अन् मग सगळ्यात अवघड काम, विरळणी. मन होत नाही उपटायला, पण एका हाताच्या अंतरावर एकच ठेवा, दाटीत भुरी म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी लवकर येते. चार जोड्या पानं झाली की शेंडा खुडा. दोन महिन्यांच्या आसपास, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, बाकी कॉलनी करपलेली असताना तुमच्याकडे फुलं असतात. सदाफुलीचं बी अंधारात उगवतं म्हणून मातीनं झाका, पोर्टुलाकाचं धुळीसारखं बी उलट उजेडात उगवतं, ते वरच्यावर भुरभुरा अन् फवारणीनं पाणी द्या. निशिगंधाचे कंद मार्चमध्ये दोन इंच खोल, फुलं पावसाळ्यात. फुटबॉल लिली आधीची असेल तर तिची जागा काडी रोवून खूण करून ठेवा, ती जमिनीखाली झोपलेली असते, मेमध्ये एकदम लाल चेंडू वर काढते, मी एकदा रिकामी जागा समजून कुदळ घातली होती. भिंतीचं पाणी जिथं येतं तिथं कर्दळ.

मोगऱ्याचं मात्र कॅलेंडर आईकडे. जानेवारीच्या शेवटी ती दहा-बारा दिवस मोगऱ्याचं पाणी तोडते, मग हलकी छाटणी, उरलीसुरली पानं हातानं ओरबाडून काढते, बुडाची माती मोकळी करून शेणखत घालते अन् मग भरपूर पाणी. मला पहिल्यांदा पाहून कससंच झालं होतं, झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. पण कळी नवीन फुटव्यावरच येते, होळीनंतर पहिला गजरा निघतो.

जास्वंद, इक्झोरा, गुलाब यांची पानं पिवळी अन् शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ते पाण्याचं नाही, लोहाचं आहे. काळ्या मातीत चुनखडी असते, लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. आपल्याकडच्या संत्रा बागाईतदाराला विचारा, तो हे दुखणं लहानपणापासून पाहत आलेला असतो. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह मिळतं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात कालवून द्या, नवीन पानं हिरवी येतात, जुनी परत हिरवी होतील याची वाट पाहू नका. इक्झोरा मी तर आता कुंडीतच लावतो, वाफ्यात भांडत बसायचा कंटाळा आला.

आच्छादनाला पैसे लागत नाहीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीतला कडुनिंब, पिंपळ, वड पानं टाकत असतो, झाडणाऱ्या ताईंना सांगून दोन पोती मागून घ्या, जाळण्यापेक्षा बरं. गावाकडून सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा आला तर फारच उत्तम. तीन इंच थर, खोडापासून दोन बोटं लांब, खाली निंबोळी पेंड भुरभुरलेली, नाहीतर उधई लागते. आच्छादन घातलेल्या वाफ्याला मेमध्ये भेग पडत नाही, अन् भेग पडली नाही की मुळं तुटत नाहीत.

एप्रिलनंतर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्रीन नेट लावा, ५० टक्के ऊन अडवणारी. ७५ टक्केवाली लावली की झाडं लांब लांब काड्यांची होतात अन् फुलं थांबतात. नेट कुंड्यांना चिकटवू नका, फूट-दीड फूट पुढे बांधा, मधून वारा गेला पाहिजे. नेट अवकाळीच्या गारांतही कामाला येते, मार्च-एप्रिलात आपल्याकडे गारपीट काही नवीन नाही, दहा मिनिटांत सिंगोनियमची पानं चाळणी होतात. म्हणून नेटचे हुक मी फेब्रुवारीतच ठोकून ठेवतो, ढग दिसले की फक्त ओढायची.

उन्हाळ्यात खताचा हात आखडता घ्या. मार्चपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ४० च्या वर गेलं की बंद. झाड तेव्हा वाढत नसतं, तग धरून असतं. पानाखाली बारीक जाळी अन् पानांवर फिके ठिपके दिसले तर लाल कोळी आहे, कोरड्या गरमीत तो येतोच, सकाळी पाइपाची जोरदार धार पानांच्या खालून मारा, तीन-चार दिवस लागोपाठ. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर मिलीबग, जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा.

नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, काही करू नका. छाटणी नाही, खत नाही, कुंडी बदलणं नाही. वरच्या रांगेतली दोन-चार झाडं जाणारच, मी दरवर्षी दहा-बारा काटक रोपं खाली सावलीत राखीव ठेवतो, गेलेल्याच्या जागी अडकवायला. ड्रमला झाकण ठेवा, डासांसाठी.

अन् जूनमध्ये पाऊस आला म्हणून आनंदात नेट एकदम काढू नका. पहिल्या सरीनंतर चार दिवस पुन्हा कडक ऊन पडतं, दोन महिने सावलीत राहिलेली पानं त्यात भाजतात. सलग दोन-तीन दिवस ढगाळ आहेत असं दिसलं की संध्याकाळी काढा, घडी करून आत ठेवताना त्यातल्या सरड्याला आधी बाहेर काढा, आमच्याकडे तो दरवर्षी असतो.